विहिरीचे पाणी आणि शेतातील औषधे: पुणे जिल्ह्यातील भूजल राखण्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

पुणे जिल्ह्यात विहिरीबद्दल बोलणे निघाले की ते बहुतेक वेळा पाणी किती उरले याचे असते. बोअर किती फुटांवर लागली, मार्चनंतर मोटार किती तास चालते, पाऊस लांबला तर टँकर कुठून आणायचा, याची चर्चा बांधावर रोज होते. त्या पाण्यात काय उतरले आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. निर्यातीच्या द्राक्षांचा अवशेष तपासणीचा अहवाल बागायतदाराच्या हातात असतो, पण त्याच बागेला पाणी देणाऱ्या आणि वस्तीची तहान भागवणाऱ्या विहिरीच्या पाण्याचा तसा अहवाल सहसा कुठेच नसतो. औषधाच्या वेष्टनावर छापलेला काढणीपूर्व कालावधी फळासाठी असतो; विहिरीसाठी असा कोणताही कालावधी छापलेला नसतो.

या लेखातील सर्व सूचनांच्या मुळाशी एक आग्रह आहे. भूजल वाचवण्याचे काम शिवारभर पसरण्याआधी विहिरीच्या भोवतालच्या पन्नास पावलांत सुरू झाले पाहिजे, कारण टाळता येण्यासारखे सर्वांत मोठे प्रदूषण तिथेच, औषध कालवताना, पंप भरताना आणि धुताना घडते. युरोपातील ओढ्या-नद्यांच्या अभ्यासांत पाण्यात पोहोचलेल्या कीडनाशकांचा निम्म्याहून अधिक वाटा अनेक ठिकाणी अशा भरण्या-धुण्याच्या जागांवरूनच आल्याचे दिसले. आपल्याकडे तर ही जागा बहुधा थेट विहिरीच्या कठड्यालगत असते.

चिमूटभर औषध आणि लाखभर लिटर पाणी

पिण्याच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, ॲट्राझीन या तणनाशकाची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम इतकी ठेवते. टू-फोर-डी आणि क्लोरपायरीफॉस यांच्यासाठी ती ३० मायक्रोग्रॅम आहे. युरोपात कोणत्याही एका कीडनाशकासाठी ०.१ मायक्रोग्रॅम एवढीच मुभा आहे, आणि भूजलात वारंवार सापडत राहिल्यामुळे ॲट्राझीनचा वापर तिथे बंद करण्यात आला.

या आकड्यांचा अर्थ आपल्या विहिरीवर लावून पाहावा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १ लाख ४१ हजार लिटर भरते. एवढे सगळे पाणी ॲट्राझीनच्या मर्यादेपर्यंत नेण्यासाठी ०.२८ ग्रॅम सक्रिय घटक पुरतो. पन्नास टक्के तीव्रतेच्या भुकटीत मोजायचे तर हे वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षा किंचित जास्त होते. रिकाम्या झालेल्या पुड्याच्या कोपऱ्यात अडकलेली भुकटी किंवा मापाच्या तळाशी राहिलेला ओला थर सहज एवढा असतो. तो पुडा कठड्यावर झटकला, ते माप विहिरीच्या थारोळ्यात खळबळले, तर बाकीचे शिवार कितीही काळजीने फवारले तरी त्या विहिरीपुरता उपयोग उरत नाही.

आपल्या खडकात पाणी कसे उतरते

जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर वसलेला आहे. वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण आणि मधूनमधून मांजऱ्याचे, म्हणजे सच्छिद्र खडकाचे, थर असतात. काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही. पाणी मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या सांधा-फटींत साठते व तिथूनच वाहते. नदीकाठचा जाड गाळ पाणी सावकाश गाळत नेतो, तशी सोय इथे फारशी नसते. माळरानाच्या उथळ जमिनीत मातीचा थर वीतभरच असतो, आणि त्याखालच्या फटींतून पावसाचे पाणी काही तासांत विहिरीच्या झऱ्यांपर्यंत पोहोचू शकते. पहिल्या मोठ्या पावसानंतर आपल्या विहिरीचे पाणी गढूळ होत असेल, तर वरचे पाणी न गाळता खाली येते असे समजावे.

भारी काळ्या जमिनीचा धोका वेगळा आहे. ही माती औषध चांगले धरून ठेवते, परंतु एप्रिल-मे महिन्यांत ती भेगाळते, आणि हातभर खोल भेगांमधून पहिले पाणी मातीला जवळजवळ न शिवताच खाली जाते. भेगाळलेल्या रानावर तणनाशक मारून लगेच पाणी सोडणे म्हणूनच फार घातक ठरते. आधी कोळपणी करून भेगा बुजवाव्यात, हलके पाणी देऊन जमीन मिटू द्यावी, आणि मगच औषधाचा विचार करावा.

पहिले काम: विहीर आणि बोअर बंदिस्त करणे

विहिरीभोवती एकदा भर पावसात फिरून यावे. शेतातले वाहते पाणी कोणत्या बाजूने विहिरीकडे येते, कठड्याखाली कुठे घळ पडली आहे, जुन्या पाटाचे तोंड कुठे उघडे आहे, हे कोरड्या दिवसात कळत नाही. ज्या बाजूने पाणी येते तिथे ताल घालून ते वळवावे. कठडा जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच असावा, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला उतार देऊन सिमेंटचा किंवा घट्ट चिकणमातीचा पट्टा करावा. विहिरीभोवती किमान पंधरा मीटरपर्यंत कोणतेही औषध मारू नये. त्या पट्ट्यात गवत वाढू द्यावे, कापून जनावरांना घालावे, पण तणनाशकाने जाळू नये. कठड्यालगतचे गवत तणनाशकाने जाळण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते, आणि ती आधी मोडली पाहिजे.

बोअरच्या बाबतीत केसिंग पाइपाचे वरचे टोक जमिनीपासून फूट-दीड फूट वर असावे आणि त्यावर घट्ट झाकण असावे. केसिंग मुरूम ओलांडून पक्क्या खडकात बसलेले नसेल, किंवा त्याच्या बाहेरची पोकळी तशीच सोडलेली असेल, तर वरचे पाणी पाइपाला धरून सरळ खाली उतरते. ही पोकळी वरच्या काही फुटांत सिमेंटच्या पातळ कालवणाने भरून घ्यावी. निकामी झालेली बोअर उघडी ठेवणे म्हणजे भूजलाला थेट भोक ठेवणे होय. लहान मुलांचे अपघात टाळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशा बोअर बुजवण्याबाबत निर्देश दिले. पाण्याच्या शुद्धतेसाठीही ते काम तितकेच निकडीचे आहे. तळापासून स्वच्छ खडी-वाळू, वरच्या भागात चिकणमाती आणि शेवटी सिमेंटचे बूच, अशा क्रमाने ती भरावी.

इथेच बोअर पुनर्भरणाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण चांगल्या हेतूने केलेले हे काम कधी कधी उलटे पडते. शेतातून वाहणारे पाणी दगड-वाळूच्या खड्ड्यातून थेट बोअरमध्ये सोडले जाते. वाळू आणि खडी गाळ अडवतात. पाण्यात विरघळलेले औषध त्यांना अडवता येत नाही. पुनर्भरणासाठी घराच्या किंवा गोठ्याच्या छपराचे पाणी, अथवा फवारणी न होणाऱ्या पडीक चढावरचे पाणी वापरावे. टोमॅटोच्या प्लॉटमधून किंवा द्राक्षबागेतून येणारे पाणी बोअरमध्ये सोडू नये. ते चरांत, बांधांत अडवून मातीतून सावकाश जिरू द्यावे.

दुसरे काम: औषध कालवण्याची जागा हलवणे

जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोच्या हंगामात दिसणारे एक चित्र अगदी ओळखीचे आहे. विहिरीच्या कडेला दोनशे लिटरचा निळा ड्रम, त्यात मोटारीचा पाइप तळापर्यंत सोडलेला, शेजारी जास्त दाबाने फवारणारा एचटीपी पंप, आणि ड्रमभोवती बाटल्यांची टोपणे, फाटलेली पाकिटे, मातीवर सांडलेल्या औषधाचे पांढरट डाग. यात सर्वांत धोकादायक वस्तू तो बुडालेला पाइप आहे. वीज गेली की मोटार थांबते, आणि फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तळाची पाणी मागे जाऊ न देणारी झडप, गळका असेल तर ड्रममधले कालवलेले औषध त्याच पाइपातून विहिरीत ओढले जाते. दर वेळी मोटार सुरू करण्याआधी पंपात पाणी भरावे लागत असेल, तर आपला फूटव्हॉल्व्ह गळतो आहे याची ती खूणच आहे.

पाइपाचे तोंड नेहमी ड्रमच्या काठापेक्षा वीतभर वर बांधावे, म्हणजे पाणी हवेतून पडेल आणि उलटे जाऊच शकणार नाही. हा उपाय फुकट आहे आणि तो आजच्या आज करता येतो. त्याहून चांगली रीत अशी की ड्रममध्ये आधी साधे पाणी भरून घ्यावे, ड्रम विहिरीपासून दूर न्यावा आणि तिथे औषध मिसळावे. कालवण्याची जागा विहिरीपासून किमान तीस मीटर दूर, आणि पाण्याच्या उताराच्या खालच्या बाजूला असावी. ती दरवर्षी एकच राहणार असेल, तर तिथे कडा असलेला पक्का ओटा करून त्याचे पाणी पुढे सांगितलेल्या जैविक खड्ड्यात सोडावे; पक्का ओटा शक्य नसेल तर उभ्या पिकाच्या रानातच, दर वेळी जागा बदलून कालवावे.

सांडले तर पाण्याने धुऊ नये. जवळ कोरड्या मातीचे किंवा भुशाचे पोते ठेवावे, सांडलेल्या जागी ते टाकावे, शोषून घेतलेली माती खरडून जैविक खड्ड्यात टाकावी. औषधांचा साठाही मोटारीच्या खोलीत ठेवू नये. विहिरीला लागून असलेली ही खोली सोयीची वाटते, परंतु फुटलेली एक बाटली तिथून सरळ पाण्यात जाते. घरापासून व पाण्यापासून दूर, कुलूपबंद, जमिनीपासून उंच फळीवर औषधे ठेवावीत, आणि हंगामाला लागेल तेवढीच घ्यावीत.

रिकामी बाटली तीनदा विसळण्याची सवय घरातल्या आणि मजुरीवर येणाऱ्या प्रत्येकाला लावली पाहिजे. बाटलीत चतुर्थांश पाणी घ्यावे, झाकण लावून अर्धा मिनिट जोराने हलवावे, ते पाणी फवारणीच्याच ड्रममध्ये ओतावे, आणि हे तीन वेळा करावे. विकत घेतलेले औषध त्यामुळे पिकावरच जाते. मग बाटलीला भोके पाडून ती पोत्यात बंद ठेवावी व गोळा करणाऱ्या व्यवस्थेकडे किंवा विक्रेत्यामार्फत परत द्यावी. ती ओढ्यात टाकू नये, जाळू नये, आणि धुऊन पाण्यासाठी तर कधीच वापरू नये.

तिसरे काम: धुण्याच्या पाण्यासाठी जैविक खड्डा

पंप, ब्लोअर आणि नळ्या धुतलेले पाणी कुठे टाकायचे, हा प्रश्न बहुतेक सल्ल्यांत अर्धवटच सोडला जातो. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात यावर एक साधी रचना विकसित झाली, आणि ती आपल्या शेतावर मिळणाऱ्या साहित्यात करता येते. तिचे तत्त्व असे की काडावर वाढणारी बुरशी आणि मातीतले जिवाणू औषधाचे रेणू फोडतात, तर कुजलेले सेंद्रिय द्रव्य ते रेणू फुटेपर्यंत धरून ठेवते.

दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सुमारे एक मीटर खोल खड्डा घ्यावा. मूळ रचनेत तळाशी चिकणमातीचा थर असतो. आपल्या फटींच्या खडकात मात्र त्यावर विसंबू नये आणि शेततळ्याचा जाड प्लास्टिक कागद तळाशी व बाजूंना अखंड अंथरावा. भरण्यासाठी आकारमानाने दोन भाग बारीक केलेले गव्हाचे काड किंवा उसाचे पाचट, एक भाग आपल्याच शेताची वरची माती आणि एक भाग चांगले कुजलेले कंपोस्ट घ्यावे. हे मिश्रण ओलसर करून दीड-दोन महिने मुरू द्यावे आणि मग खड्डा भरावा. वर गवत लावावे, कारण गवत जास्तीचे पाणी उडवून देते आणि ते पिवळे पडू लागले तर खड्ड्यावर भार जास्त होतो आहे हे कळते. पावसाळ्यात वर पत्र्याचे छप्पर हवेच. खड्डा पाण्याने तुडुंब भरला तर त्यातली हवा संपते आणि काम थांबते. भराव दरवर्षी खचतो, तेवढे नवे मिश्रण वर घालावे. काही वर्षांनी जुना भराव काढल्यास तो वर्षभर झाकून पुन्हा कुजू द्यावा, आणि त्यानंतरच विहिरीपासून दूरच्या रानात पसरावा.

या खड्ड्यात फक्त धुण्याचे पाणी आणि किरकोळ सांडलेले औषध जावे. उरलेला अर्धा ड्रम त्यात ओतू नये. फवारणी उरूच नये म्हणून पंपाचे माप काढून घ्यावे: शंभर चौरस मीटर पीक नेहमीच्या चालीने साध्या पाण्याने फवारावे, लागलेले पाणी मोजावे आणि त्याला चाळीसने गुणावे, म्हणजे एकराला लागणारे पाणी कळते. तरीही थोडे उरले तर दहापट पाणी मिसळून त्याच पिकाच्या न फवारलेल्या कडेला मारावे.

चौथे काम: औषधाची निवड

डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण माणसाला होणाऱ्या तीव्र विषबाधेची पातळी सांगतो. ते औषध भूजलात किती उतरते याच्याशी त्या रंगाचा संबंध नाही, आणि हिरवा त्रिकोण पाहून विहिरीजवळ निर्धास्त होणे चुकीचे आहे. भूजलासाठी दोन गुण पाहावे लागतात: औषध मातीला किती चिकटते आणि निम्मे विघटित होण्यास त्याला किती दिवस लागतात. या दोहोंवरून शास्त्रज्ञ गस निर्देशांक काढतात. तो २.८ पेक्षा जास्त असेल तर औषध झिरपणारे मानतात, १.८ पेक्षा कमी असेल तर सहसा न झिरपणारे. ॲट्राझीन आणि इमिडाक्लोप्रिड यांचा निर्देशांक तीनच्या वर जातो. थायमेथोक्झाम आणि मेट्रिब्युझीनही मातीत सहज सरकतात. क्लोरपायरीफॉस आणि पेंडिमेथालीन मातीला घट्ट चिकटतात. त्यांचा धोका वाहून जाणाऱ्या गाळाबरोबर ओढ्यात जाण्याचा अधिक असतो. क्लोरपायरीफॉस त्यामुळे निरुपद्रवी ठरत नाही, त्याचे विष वेगळ्या वाटेने जाते एवढेच.

बारामती-इंदापूरच्या ऊस पट्ट्यात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला जातो आणि त्याच पावसात उगवणीपूर्व तणनाशक मारले जाते. मातीत सरकणारे औषध आणि मुरणारे पाणी एकाच वेळी जमिनीवर असतात. अशा वेळी सबंध रानावर फवारण्याऐवजी फक्त सरीतल्या ओळीवर पट्टा मारावा आणि मधली जागा कोळपून घ्यावी. औषध निम्म्याच्या आसपास वाचते. खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरले तर तणही दबते आणि मातीत सेंद्रिय कर्बही वाढतो, जो पुढच्या औषधाला वरच्या थरातच धरून ठेवतो.

बंदी घातलेली औषधे जुन्या साठ्यातून अजूनही बाहेर येतात, म्हणून काही नावे लक्षात ठेवावीत: एंडोसल्फान २०११ पासून बंद आहे, फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन आणि अलाक्लोर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहेत. घरात यांचा डबा सापडला तर तो फवारून संपवू नये आणि पुरूही नये. डबा बंदच ठेवून तालुका कृषी कार्यालयाला कळवावे.

पाचवे काम: आळवणी, ठिबक आणि पाऊस

आळवणीत औषध थेट मुळाशी, म्हणजे भूजलाच्या दिशेने अर्धा प्रवास करूनच सोडले जाते, आणि आळवणीसाठी वापरली जाणारी अनेक औषधे पाण्यात सहज विरघळणारीच असतात. डाळिंब, टोमॅटो, ऊस अशा पिकांत ती ठिबकमधून दिली जाते. व्हेंच्युरी, म्हणजे ठिबकच्या पाण्यात औषध ओढून घेणारी नळी, बसवताना विहिरीवरच्या पंपाच्या आणि व्हेंच्युरीच्या मध्ये एकदिशा झडप, म्हणजे एनआरव्ही, असलीच पाहिजे, आणि तिच्याजवळ हवा आत घेणारा व्हॉल्व्हही हवा. तो नसेल तर मोटार थांबताच पाइपात ओढ निर्माण होते. वर्षातून एकदा झडप उघडून तिच्यात वाळूचा कण अडकला नाही ना, हे पाहावे. औषध सोडण्याआधी जमीन हलकी ओली करावी, पाळीच्या उत्तरार्धात औषध द्यावे, आणि नळ्या स्वच्छ होण्यापुरतेच साधे पाणी सोडून थांबावे. "औषध मुरू दे" म्हणून त्यानंतर तासभर ठिबक चालवले, तर ते मुळांच्या खाली मुरमात जाते.

पावसाबाबत जिल्हा एकसारखा नाही. मावळ-मुळशीच्या घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेकडे इंदापूर-दौंडला तो पाचशेच्या आसपास असतो. पश्चिमेला भातखाचरांतील तणनाशकाचा धोका मोठा. पूर्वेला पाऊस कमी असला तरी परतीच्या पावसाचा एखादा जोराचा दिवस महिनाभराचे साठलेले औषध खाली नेतो. पुढच्या दोन दिवसांत जोराच्या पावसाचा अंदाज असेल, तर मातीवर पडणारे औषध पुढे ढकलावे.

मुळात फवारण्यांची संख्या घटली तर बाकीचे सगळे सोपे होते. टोमॅटोवरची टुटा ही नागअळी भारतात २०१४ मध्ये पुणे परिसरातच प्रथम आढळली, आणि तिच्या भीतीने वेळापत्रकाप्रमाणे फवारण्या वाढल्या. कामगंध सापळे लावून पतंग मोजणे, लागलेली पाने वेचणे, सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क वापरणे आणि किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच रासायनिक औषधाकडे वळणे, ही शिस्त पाळावी. मार्गदर्शनासाठी नारायणगाव आणि बारामती येथील कृषी विज्ञान केंद्रे, मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि राजगुरुनगर येथील कांदा-लसूण संशोधन संस्था आपल्या जिल्ह्यातच आहेत.

सहावे काम: पाणी तपासणे

नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा, नायट्रेट आणि जिवाणू पाहिले जातात. त्यात कीडनाशके येत नाहीत. ती तपासणी महाग पडते, म्हणून आधी नायट्रेट पाहावे. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. विहिरीत नायट्रेट सतत जास्त येत असेल, तर वरचे पाणी खाली सहज पोहोचते हे कळते, आणि त्या विहिरीची कीडनाशकांसाठी तपासणी प्राधान्याने करावी. पेयजलाच्या साध्या तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांकडे विचारणा करावी. कीडनाशकांसाठी एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडावी.

नमुना गडद तपकिरी काचेच्या बाटलीत घ्यावा, कारण काही औषधे प्लास्टिकला चिकटतात. बोअरचे पाणी आधी दहा मिनिटे वाहू द्यावे, बाटली काठोकाठ भरावी, बर्फात ठेवावी आणि त्याच दिवशी पोहोचवावी. गेल्या दोन वर्षांत आपण आणि वरच्या बांधावरच्या शेजाऱ्याने काय काय वापरले, त्याची यादी सोबत द्यावी. यादी नसेल तर प्रयोगशाळा ठरावीक औषधेच शोधते आणि आपले औषध निसटून जाते. एक नमुना मेमध्ये आणि दुसरा पहिल्या मोठ्या पुनर्भरणानंतर जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावा.

अहवालात मर्यादेपेक्षा जास्त औषध आले, तर ते पाणी पिणे व त्यावर स्वयंपाक करणे त्याच दिवशी थांबवावे आणि लहान मुले असलेल्या घरांना सर्वांत आधी सांगावे. पाणी उकळून, तुरटी फिरवून किंवा क्लोरीन टाकून कीडनाशके जात नाहीत. उकळल्याने उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. सक्रिय कोळशाचा गाळप संच अनेक कीडनाशके शोषतो, परंतु त्याचा कोळसा वेळेवर बदलला नाही तर तो निरुपयोगी ठरतो, म्हणून गाळलेल्या पाण्याचीही तपासणी करून घ्यावी. अहवालाची प्रत ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा समितीला द्यावी. एकाच मांजऱ्याच्या थरावर पाच-सहा विहिरी असतात, त्यामुळे शेजारच्या विहिरींचे नमुने त्याच आठवड्यात घेण्याचा आग्रह धरावा, उगम शोधताना आधी कालवण्याच्या जागा व उघड्या बोअर पाहाव्यात, आणि दुरुस्ती झाल्यावर पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच विहिरींचा नमुना त्याच प्रयोगशाळेत पुन्हा द्यावा.